होकार वाटलेला नकार

कुमुदिनी आपटे जपानमधल्या त्सुकुबा शहरात आली ती नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे. नुसतं घरी बसवेना, म्हणून जपानी शिकली आणि हळूहळू दुभाषी झाली. भाषा वर्गात शिकली, पण माणसं ओळखायला शिकवलं शेजारच्या ओकुमुरा आजींनी. "आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, ते ओळखायला शीक," असं त्या सांगायच्या.

गेल्या वर्षी पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेट-देशाची माणसं त्सुकुबातल्या एका सरकारी मदतसंस्थेत आली. त्यांच्या विहिरींत समुद्र शिरला होता. खारं पाणी गोडं करणारं यंत्र त्यांना हवं होतं, आणि जपान त्यांचा जुना मित्र. त्यांच्या प्रमुख सेलिनाबाई कळकळीनं बोलल्या. समोरचे अधिकारी मिझोगुची-सान, म्हणजे मिझोगुचीसाहेब, किंचित वाकून म्हणाले, "आम्ही जरूर विचार करू."

कुमुदिनीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सेलिनाबाईंचा चेहरा खुलला. "मग घरी जाऊन लोकांना सांगते, यंत्र येतंय म्हणून."

कुमुदिनीला ओकुमुरा आजींचं बोलणं आठवलं. तो तर नकार होता. दुभाष्यानं पदरचं बोलायचं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. तरी ती मिझोगुची-सानकडे वळून जपानीत म्हणाली, "माफ करा, त्यांनी हा होकार धरलाय. तुमची अडचण त्यांना सांगितली तर चालेल का?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "दुसऱ्या एका बेटाला आम्ही असंच यंत्र दिलं होतं. बिघडल्यावर दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. तिथंच गंजून गेलं ते."

कुमुदिनीनं ते इंग्रजीत सांगितलं, सेलिनाबाईंनी ऐकून घेतलं. "एवढंच ना? मग आधी आमची माणसं शिकवा. यंत्र मागाहून द्या."

मिझोगुची-सान पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले.

वसंतात तिकडून दोन तंत्रज्ञ शिकायला आले. कामावर कुमुदिनी त्यांची दुभाषी होती, आणि रविवारी तिच्या घरी त्यांना पिठलं-भात असे. या वर्षी यंत्र बसलं. सेलिनाबाईंचा फोन आला. "छोट्या देशाला सगळे गोड बोलतात, कुमुदिनी. तू आम्हाला खरं कळू दिलंस. सगळं गाव तुझं नाव घेतं."

त्याच आठवड्यात मिझोगुची-सान मुद्दाम भेटायला आले. "त्या दिवशी 'नाही' म्हणायची मला लाज वाटत होती," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंत, फार बरं झालं." आणि ते कमरेतून अगदी खाली वाकले. कुमुदिनीनंही तसंच वाकून नमस्कार केला.