मायच्या फोनवरचे तीन दिवे

सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यातला किती खरा माझ्यावरचाच आहे, ते मला नीट सांगता येत नाही.

बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी मायसाठी एक ॲप केलं. आमचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे साखरखेर्ड्याच्या पलीकडे, विहीर घरापासून लांब, आणि विहिरीवरच्या मोटारीची लाईन, म्हणजे वीज, दिवसा कधी येईल याचा नेम नाही. मायला वाचता येत नाही, म्हणून ॲपमध्ये अक्षरं नव्हती, फक्त मोटारीचं चित्र. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवलेलं छोटं यंत्र फोनला कळवायचं आणि चित्राचा रंग बदलायचा. लाईन असली तर हिरवा, नसली तर लाल. पुस्तकात तसंच होतं.

पहिल्याच दिवशी माय उन्हातून परत आली आणि तिनं फोन माझ्यापुढे टाकला.

"लाल पेटला म्हणून गेली मी. लाईन कुठी हाय?"

"माय, लाल म्हणजे बंद."

"कोनं सांगतलं तुले? पेटीवर लाल, पिवळा, निळा पेटला म्हणजे लाईन आली. शिकून राह्यली का इसरून राह्यली वं?"

ते दिवे मी लहानपणापासून बघत होते. मग मोटारीचं चित्र काढून टाकलं आणि तीन ठिपके ठेवले. लाईन आली की लाल, पिवळा, निळा, नसली की तिन्ही राखाडी. दरवेळी मायच्या फोनात ॲप नव्यानं टाकावं लागू नये म्हणून रंग इंटरनेटवर एका जागी ठेवले होते; तिथं बदलले की तिच्या फोनातही बदलायचे. पुढे महिनाभर मायची एकही फेरी वाया गेली नाही.

सरांनी ते वर्गातल्या पडद्यावर पाहिलं, फाईलमधले रंगांचे अर्थ वाचले.

"लाईन चालू असताना लाल? हे कुणी शिकवलं?"

"सर, पेटीवर तसंच..."

"पेटी शेतात ठेवायची. लाल म्हणजे बंद, हे शेंबड्या पोराला कळतं. तुमच्या गावात सिग्नल नसेल, पण हे कॉलेज आहे." वर्ग हसला. "आत्ता बदल. नाहीतर फाईलवर सही नाही."

सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. आमच्या घरातून तिथपर्यंत कुणी पोचलेलंच नव्हतं. मी बदललं. लाईन असली की तिन्ही हिरवे, नसली की तिन्ही लाल. त्या वेळी लाईन नव्हती. पडद्यावर तीन लाल ठिपके आले. सरांनी फाईल पानोपान चाळून अर्ध्या तासानं सही केली.

फाईल हातात आल्यावर मग सुचलं की मायच्या फोनातही हेच झालं असणार. तिथूनच फोन लावला.

"विहिरीवर हाओ मी," माय म्हणाली. "फोनात तिन्ही लाल पेटले. अठी पेटीवर एकबी दिवा नाही. तूच केलं ना हे?"

"हाव. मीच."

तिनं फोन ठेवला. मी रंग पहिल्यासारखे केले. पडद्यावरचे ठिपके राखाडी झाले.

"हे काय?" सर ओरडले.

"सर, सही झाली आहे." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणाले.

"तोंडी परीक्षेला ये," ते म्हणाले. "तिथं बघतो तुला."

घरी मायनं माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी ती विहिरीकडे निघाली तेव्हा फोन फळीवरच होता, ठिपके राखाडी. मी हाक मारली, "माय, लाईन नाही."

ती थांबली नाही.