भूपतभाईंची दुपारची झोप

राजकोटात दुपारी एकनंतर कुणाच्या दारात गेलात, तर लोक तुमची अक्कल काढतील. शटरं खाली येतात, बाजार आडवा होतो आणि चारपर्यंत कुणी कुणाला ओळख देत नाही. मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी इथे आले, तेव्हा नाकं मुरडायचे. काय ही आळशी माणसं! आता दुपारी दोनला माझी बेल कुणी वाजवली, तर मीच त्याच्यावर खेकसते.

समोरच्या घरात भूपतभाई राहतात. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. लग्नाकार्यातल्या भांड्यांवर नावं घालून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मशीन गुर्र करतं आणि स्टीलच्या डब्यावर मोत्यांसारखी अक्षरं उमटतात. गिऱ्हाइकाशी बोलणं असं, की बाई एक तांब्या घ्यायला गेलेली असते आणि परत येते ती डब्यांचा अख्खा संच घेऊन. "या बेन, बसा बेन, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही बेन." माझ्या घरात दोन कुकर जादा आहेत, ते ह्याच माणसाच्या जिभेचे प्रताप.

आणि घरात तर लोण्याहून मऊ. धाकटा भाऊ ऐन तारुण्यात गेला, भावजयही मागोमाग गेली. त्यांची एवढीशी निराली भूपतभाईंनी आणि त्यांच्या बायकोनं, मुक्ताबेननी, उचलून आणली. स्वतःला मूलबाळ नव्हतं. थोरल्या काकाला इथे मोटाबापा म्हणतात. निरालीनं दारातून "मोटाबापा!" अशी हाक मारली, की हा माणूस हातातलं काम टाकून उठायचा. आयुष्यात काय कमावलंत असं कुणी विचारलं असतं, तर दुकानाचं नाव त्यांच्या तोंडी आलंच नसतं. "ही हाक," असंच म्हणाले असते.

मग बिघडलं कुठे? फोनवर.

जामनगरहून पितळेच्या मालाचा टेम्पो कधी येईल ह्याचा नेम नसे, म्हणून दुपारीही फोन चालू ठेवावा लागायचा. तो उशाखाली. आणि डोळा लागतो न लागतो तोच वाजणार! टेम्पोवाला नव्हेच. "सर, आपल्याला कर्ज हवंय का? सर, धोलेराला प्लॉट आहे. सर, आमचं कार्ड घ्या." अहो, मलाही येतात. एकदा कणकेचे हात धुऊन धावत गेले, तर पलीकडची मुलगी विचारते, आपला विमा आहे का. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्यामुळे भूपतभाई चिडायचे ह्यात मला काही नवल वाटलं नाही. पण मी चिडून फोन ठेवते. भूपतभाईंनी त्याचा खेळ केला.

संध्याकाळी ओट्यावर बैठक भरायची. गाठियांचा पुडा, तळलेल्या मिरच्या, कच्च्या पपईचा परतलेला संभारो, बशीत ओतलेला चहा. शेजारचे दलसुखभाई आल्या आल्या विचारायचे, "काय मग, आज कुणाची विकेट?"

"अरे, आज एक पोरगी होती," म्हणून भूपतभाई सुरू व्हायचे. तिचा बारीक आवाज काढायचे, मग आपला दरडावणीचा. एकीला म्हणाले, तुझ्या कार्डावर मी नाव कोरून देतो, ते गळ्यात बांधून भीक माग. एका पोराला अर्धा तास झुलवलं आणि शेवटी सांगितलं, मी तर कालच मेलो. गल्ली पोट धरधरून हसायची. मुक्ताबेन तेवढ्या आतून म्हणायच्या, "पाप लागेल हो, कुणाची तरी लेकरं आहेत ती."

"लेकरं? उपद्रव आहे नुसता!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

निराली बी.कॉम. झाली. मोटाबापाच्या जिवावर किती बसायचं, म्हणून नोकरी शोधायला लागली. भूपतभाईंचा जीव खालीवर. "दुकान आहे की! गल्ल्यावर बस." पण पोरगी ऐकायची नाही. एक दिवस पेढे घेऊन आली. एका बँकेच्या कार्डांचं काम करणाऱ्या कंपनीत लागली होती. काम काय, तर लोकांना फोन करायचे.

दलसुखभाईंनी लगेच चिमटा काढला, "घ्या भूपतभाई! आता घरातूनच फोन येणार."

"माझी निराली निराळी," भूपतभाई म्हणाले. "ती बोलली तर समोरचा कार्ड घेऊन वर आशीर्वाद देईल." आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

सुरुवातीला शिकवणी असते म्हणे. पोरगी रोज डबा घेऊन जायची, संध्याकाळी परत यायची. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ मी विसरायची नाही. मी माझ्या ओट्यावर मेथी निवडत होते. समोर बैठक रंगली होती. भूपतभाई कुणातरी बिचारीचा आवाज काढत होते. निराली आली, चपला काढल्या आणि आत न जाता खांबाला टेकून उभी राहिली.

"मोटाबापा, एक विकेट मी सांगू?"

"वा! सांग सांग. बसा रे सगळे, आता आतली बातमी आहे."

निरालीनं घसा खाकरला आणि हुबेहूब भूपतभाईंचा आवाज काढला. "काय गं ए बाई, तुला लाजबीज आहे का? भरदुपारी माणसाच्या उशाशी येऊन भुंकायचं, हेच शिकवलं घरच्यांनी?"

हशा पिकला. दलसुखभाईंनी मांडीवर थाप मारली. "अरे, ही तर तुमच्यावर ताण आहे!" भूपतभाईंची छाती फुगली.

"तुला बाप आहे की मेला?" निराली त्याच आवाजात पुढे म्हणाली. "असता तर पोरीला असं दारोदार फिरू दिलं असतं?"

पुन्हा हसले, पण अर्धेच. भूपतभाईंच्या हातातली बशी थांबली. आपलेच शब्द त्यांनी ओळखले असावेत.

निराली आता आपल्या आवाजात बोलायला लागली. "आज आम्हाला शिकवायला हा फोन ऐकवला. सगळे फोन रेकॉर्ड होतात, मोटाबापा. सरांनी सांगितलं, असली माणसं भेटतात, तयारी ठेवा. पहिल्याच वाक्याला मी आवाज ओळखला."

"अगं, तो... झोपमोड झाली होती गं," भूपतभाई कसंनुसं हसले. "गंमत होती."

"पुढं ऐका ना. तुम्ही फोन बंद न करताच उशाखाली सरकवला होता. तुम्हाला वाटलं बंद झाला. आणि आम्हाला आपणहून फोन ठेवायची परवानगी नाही, समोरच्यानं ठेवला तरच. म्हणून ती मुलगी कानाला लावून बसली होती. तुम्ही विचारलंत, बाप आहे की मेला. ती म्हणाली, 'वारले सर.' विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, म्हणून दिलं तिनं. मग म्हणाली, 'सर, आपण लाइनवर आहात का?'"

मुक्ताबेन पीठ लागल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आणि मग तुमचा आवाज येतो. लांबून, पण स्वच्छ. 'हळू गं, ताटल्या आपटू नकोस. निराली पेपर देऊन आत्ताच पडलीय. पंखा तिच्याकडे फिरव. बिनबापाची पोर आहे, आपल्याशिवाय कोण आहे तिला?' ती मुलगी हे सगळं ऐकत बसली, मोटाबापा. आणि मग रडायला लागली."

माझ्या मांडीवरची मेथी तशीच राहिली. गाठियांना कुणी हात लावेना.

"वर्गात सगळे हसले. बाहेर वाघ, घरात मांजर, असं सर म्हणाले. माझ्या गळ्यात नावाची पाटी. सगळे वळून विचारायला लागले, 'ए निराली, तुझेच का गं हे?' मी म्हटलं, छे! मी नाही ओळखत ह्या माणसाला. मग सरांनी विचारलं, ह्या मुलीचं चुकलं कुठे? सगळ्यांनी सांगितलं, लाइनवर रडायला नको होतं. मीही तेच सांगितलं."

एवढं बोलून ती आत गेली. दलसुखभाईंना अचानक काहीतरी काम आठवलं. बाकीचेही एकेक करून उठले. भूपतभाई एकटेच बसून राहिले. बशीतल्या चहावर साय धरली होती. मला राग आला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण त्या वेळचा त्यांचा चेहरा बघितला आणि मेथीची जुडी उचलून मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरालीला विचारलं, त्या पोरीचं नाव काय?

"फोनवर पूजा म्हणाली. पण ते खरं नसतं. आम्हाला नावं देतात. मला नेहा दिलंय."

"मग खरं नाव?"

"कुणाला माहीत? ती सोडून गेली म्हणे."

सगळ्या गावाची नावं कोरणारा माणूस, आणि ह्या एका नावासाठी अडला. निरालीच्या कंपनीत जायला निघाले होते, मुक्ताबेननी अडवलं. "पोरीनं तिथे सांगितलंय की मी ओळखत नाही. आता तिला खोटं पाडायला जाणार?" ते चपला काढून परत बसले.

निराली भांडली नाही, रुसली नाही. जेवायची, डबा न्यायची, दिवाबत्ती करायची. पण हाक बंद झाली. "जेवण वाढलंय," म्हणायची, पण कुणाला ते म्हणायची नाही. "दुकानाची किल्ली इथे आहे," असं भिंतीकडे बघून. दारातून येणारी ती आरोळी गल्लीत ऐकू येईना. भूपतभाई तिची चाहूल लागली की मान वर करायचे, आणि ती काही न बोलता आत गेली की पुन्हा खाली घालायचे. मला तर घरात बसून बघवायचं नाही.

दुपारची झोपही गेली. सगळी गल्ली घोरायची आणि हा माणूस पलंगावर फोन हातात घेऊन बसलेला. वाजला की पहिल्याच घंटीला उचलायचा. "बोल बेन. नाही नाही, सावकाश बोल, मी ऐकतोय." सगळं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "बेन, तू मागे कधी मला फोन केला होतास का? कुणी तुला बापावरून बोललं होतं का?" मुली बावचळायच्या. एकीनं घाबरून आपल्या साहेबाला दिला फोन. दुसरी म्हणाली, "सर, ते जाऊ द्या, कार्ड घेताय का?" घेतलं की! दोन कार्डं झाली, एक विमा झाला. मुक्ताबेन कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अहो, माफी मागताय की खरेदी करताय?"

"तिला काहीतरी मिळू दे गं."

"पण ती ही नव्हे!"

"ही पण कुणाची तरी असेल," ते म्हणाले. मुक्ताबेनच ते वाक्य इतकी वर्षं आतून ओरडून सांगत होत्या, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

ओट्यावरच्या बैठकीत दलसुखभाईंनी एकदा सवयीनं विचारलं, "मग, आज कुणाची विकेट?" भूपतभाई म्हणाले, "माझी."

शिकवणी संपून निराली फोनवर बसायला लागली. त्याच सुमाराची गोष्ट. संध्याकाळी मी वाटीभर साखर मागायला समोर गेले होते. मुक्ताबेन रोटला थापत होत्या. भूपतभाई जमिनीवर बसून एका कळशीवरचा डाग पुसत होते. निराली आली. चेहरा उतरलेला. पाणी प्यायली आणि आपणहूनच बोलायला लागली, कुणाकडे न बघता.

"आज एकानं मला विचारलं. दुपारी. तुला बाप आहे की मेला?"

मुक्ताबेनच्या हातातला रोटला वाकडा झाला. भूपतभाईंनी कळशी खाली ठेवली. मग कसंबसं म्हणाले, "माझ्यासारखाच होता?"

"तुमच्यापेक्षा बरा. फोन नीट बंद केला त्यानं."

"तू... रडलीस?"

"नाही. लाइनवर रडायचं नसतं."

"मग काय म्हणालीस?"

निरालीनं पेला पालथा घातला. आता तिनं त्यांच्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं असेल!

"म्हटलं, आहेत सर. ह्या वेळी घरी झोपलेले असतात. मोटाबापा म्हणते मी त्यांना."

भूपतभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. निराली जवळ जाऊन बसली, तरी हात काढेनात. बोटांच्या आडून, तुटक तुटक, एवढंच ऐकू आलं, "झोपत नाही गं बेटा. झोप येत नाही मला. तिला कोण होतं गं, असं सांगायला?"

मी साखर न घेताच परत आले.