टाम्पेरेच्या नीलाताई आणि संक्रांतीची शर्यत

मयूर विहारच्या नीला भागवतांचा जन्म फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातला. वडील कापडगिरणीचं काम शिकायला गेले, आईलाही नेलं आणि लेक भर बर्फात जन्माला आली. सहा महिन्यांत बिऱ्हाड परत दिल्लीला. म्हणजे फिनलंड पाहिलं ते दुपट्यात गुंडाळून! पण मिरवलं जन्मभर. दिल्लीच्या थंडीत शाल घेणं कमीपणाचं वाटे, म्हणून नुसत्या स्वेटरवर हिंडायच्या आणि शिंकायच्या.

यंदा भाची मृणालने त्या शहरात जन्मलेल्या नामवंतांची नावं फोनमध्ये शोधून वाचून दाखवली. चित्रकार, गायक, बर्फावरचे हॉकीपटू, धावपटू.

"आणि मी?"

"मावशी, यार, तू काय केलंयस?"

झोंबलं ते. एम.ए. केलं, शाळेत भूगोल शिकवला, नवरा गेल्यावर घर एकटीने रेटलं. पण हे कोण लिहितो?

"संक्रांतीची शर्यत जिंकून दाखवते. टाम्पेरेचं नाव काढते की नाही बघ!"

महाराष्ट्र मंडळाची ही ज्येष्ठांची चालण्याची शर्यत, बागेभोवती. दरवर्षी शेजारच्या साधना जोग जिंकायच्या. नीलाताई महिनाभर सकाळच्या धुक्यात तरातरा चालल्या. वॉचमन म्हणाला, "माताजी, ट्रेन छूट रही है क्या?"

संक्रांतीला शेवटच्या वळणावर नीलाताई पुढे, साधनाबाई पाठोपाठ. आणि नेमकं तिथेच, कुणाचं डोकं चाललं देव जाणे, मंडळाच्या बायकांनी हळदीकुंकवाचं टेबल मांडलेलं! शर्यत असो की भूकंप, समोरून जाणाऱ्या सवाष्णीला त्या सोडतात होय? साधनाबाईंना पकडलंच. नीलाताईंना मात्र वाट करून दिली. नवरा गेल्यापासून देतातच. त्याची सवय झाली होती, राग गेला नव्हता.

रान मोकळं. फीत समोर. तेवढ्यात मागून साधनाबाई कडाडल्या, "नीले, थांब गं! आधी तिला लावा, मग मला. नाहीतर ठेवा तुमचं कुंकू तुमच्याकडे!"

नीलाताईंनी फितीकडे पाहिलं. चक्क मागे वळल्या आणि कपाळ पुढे केलं.

"लावा लवकर, नाकावर सांडू नका. आणि माझं वाण कुठाय?"

दोघी हातात स्टीलची वाटी, तोंडात तिळगूळ घेऊन हसताहेत, तोच टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या मागून रमतगमत येणारे, शर्यतीतले एकुलते एक पुरुष मुरलीधरकाका काठी टेकत फितीपार गेले होते! त्यांना कोण कुंकवाला अडवणार?

काकांचा जन्म पानिपतचा. काठी उंचावून ओरडले, "लिहून ठेवा! पानिपतचा मराठा जिंकला एकदाचा!"

नीलाताईंना हसता हसता तिळगुळाचा ठसका लागला.

कपाळभर कुंकू घेऊन घरी आल्या. मृणाल म्हणाली, "मग टाम्पेरेचं काय?"

"थांबेल वर्षभर. कुठे पळून जातंय?" वाटी नीट मांडणीवर ठेवत त्या म्हणाल्या. "आणि ते टेबल तिथेच राहू दे म्हणावं. फक्त पुढच्या वर्षी मुरलीधरलाही कुंकू लावा!"