पद्मजाची तिसरी टेप

पद्मजा एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. खुर्चीत असली तरी एक पाय हलत असायचा. संध्याकाळी कुलूप लावून जिना उतरली, की ते ओढून बघायला पुन्हा वर यायची. "कुलूप पळून जात नाही, पद्मजाबाई," असं आमचे मालक श्रीनिवासराव म्हणायचे. ती हसायची आणि तरीही ओढून बघायची.

आमचं वधू-वर सूचक मंडळ कसबा पेठेत, सायकलच्या दुकानाच्या वर. बाहेरच्या टेबलावर मी, वेणूबाई, आलेल्यांचं ऐकून घ्यायला. आतल्या खोलीत पद्मजा आणि संगणक. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला संगणकवाला जावई हवा झाला होता. आमच्याकडच्या संगणकवालीला मात्र कोणी विचारत नव्हतं.

दर शनिवारी ती काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा लिहायची. टार म्हणत तिला. टारपुढे सी लिहिलं की सगळ्या मुलामुलींच्या फायली एका टेपवर जाऊन बसत. एक्स लिहिलं की टेपवरून परत संगणकात येत. टी लिहिलं की टेपवर काय आहे त्याची नुसती यादी दिसे. ही बाई सी झालं की टी करायची, यादी वरपासून खाली बघायची, चहा घ्यायची आणि पुन्हा टी करायची. दोन टेपा आळीपाळीने वापरायची. तिसरी अधूनमधून भरून घरी न्यायची आणि आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवायची. आम्ही तिला वेडी म्हणायचो.

त्या फायलींत एक तिचीही होती. तिच्या आईने, द्वारकाबाईंनी, हौसेने नाव घातलं होतं. प्रत्येक फाईलच्या तळाशी समोरच्यांचं उत्तर टाईप करायचं, अशी आमची पद्धत. दुसऱ्यांचे नकार कुणीही टाईप करील. हिला स्वतःचे करावे लागत. बघायला आलेल्यांसमोरून ही गॅस बंद आहे का ते बघायला तीनदा उठली, तर त्यांनी लिहून पाठवलं, 'मुलगी फार चुळबुळी.' तिने ते जसंच्या तसं खाली घातलं. मला त्या लोकांचा असा संताप आला होता, की समोर असते तर जिन्यावरून खाली धाडले असते.

द्वारकाबाई दर गुरुवारी यायच्या. निवृत्त शिक्षिका, ताठ कण्याच्या. "आमच्या पद्मजेचं काही?" आतून पद्मजाच उत्तर द्यायची, "अजून उत्तर नाही आलं, आई." पावसाळ्यात एकदा असाच एक नकार आला. तेव्हा तिने आपली फाईल पुसून टाकली आणि मला म्हणाली, "आईला कळू देऊ नका." नकार आईने वाचू नयेत, एवढंच तिला हवं होतं. गुरुवारचा प्रश्न आणि त्याचं उत्तर तसंच चालू राहिलं.

मग खंडेनवमी आली. श्रीनिवासरावांनी संगणकाची पूजा केली, आणि वर ठेवलेल्या दोन्ही टेपांची झाकणं उघडून आतही भक्तिभावाने हळद-कुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर आम्ही कामावर आलो, तर वीज दोनदा जाऊन आली आणि संगणकातलं सगळं गेलं. रविवारी मेळावा, त्याच्या पुस्तिकेचा मजकूर छापखान्यात जायचा होता. पद्मजाने टेप हातात घेतली आणि तिच्या बोटांना कुंकू लागलं. दुसरीचीही तीच गत. "देवाचंच आहे ते," श्रीनिवासराव म्हणाले. "देवालाच सांगा मग वाचायला," मी म्हणाले.

राहिली घरची. पण ती पावसाळ्याआधीची, म्हणजे तिच्यात पद्मजाचीही फाईल होती. "सगळं उतरलं की माझी लगेच पुसते," ती माझ्या कानाशी म्हणाली. तिने शेजारी फोन करून निरोप ठेवला, की आईने टेप काढून ठेवावी, मी न्यायला येते. छापखान्याला थांबायला सांगून ती चपला घालते आहे तोवर द्वारकाबाईच जिना चढून आल्या, टेप साडीच्या घडीत गुंडाळून पिशवीत घातलेली. मुलीचं काम अडलं म्हटल्यावर त्या घरी थांबतात कशाला! "आई, तू बाहेर बस ना," पद्मजा म्हणाली. "का? तुझं काम बघू दे की एकदा," म्हणत त्या आत गेल्या आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

टेप घरघरायला लागली. पडद्यावर एकेक नाव खालून वर सरकू लागलं. पद्मजाचा पाय इतका हलत होता की टेबल थरथरत होतं. मी दारात उभी राहून चहाचं विचारलं, पाण्याचं विचारलं, द्वारकाबाई हलायलाच तयार नाहीत. "आली बघ तुझीपण!" त्या आनंदाने म्हणाल्या. "उघड, मला वाचायचीय."

"नंतर, आई."

"उघड म्हणते ना."

तिने ती उघडली. जन्मतारीख, शिक्षण, उंची, आणि खाली ओळीने सगळे नकार. द्वारकाबाईंनी चष्मा सारखा केला आणि शाळेतला पेपर तपासावा तसं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पद्मजाचा पाय थांबला होता.

"हे सगळं तूच लिहिलंस?"

"हो."

"आणि मला म्हणायचीस, उत्तर नाही आलं."

पद्मजा बोटांवरचं कुंकू पुसत राहिली.

"काढ ते," द्वारकाबाई म्हणाल्या. पद्मजाने फाईल पुसली.

"आणि त्या टेपमधलं?"

"टेपमधून एकटीचं नाही काढता येत, आई. सगळ्यांचं पुन्हा पहिल्यापासून टेपवर लिहावं लागतं."

द्वारकाबाईंनी खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मग लिही सगळ्यांचं. मी बसलेय इथे."