एकटीची मुलाखत

फौजींच्या बायका मागे घरी कशा राहतात, यावर संशोधन करायचं मी ठरवलं, तेव्हा विश्रामबागच्या कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक बाई खूश झाल्या. आराखड्यात त्यांनी एक अट मात्र घातली: मुलाखत एकटीची, ऐकायला दुसरं कोणी नको. कागदावर ते झकास दिसलं. मी उंब्रजजवळच्या फौजी घरातलीच, मला कोण अडवणार, अशी माझी घमेंड.

मुख्य कामाआधी प्रश्न तपासून बघायचे होते, म्हणून पहिली मुलाखत घरच्याच वहिनीची धरली. भाऊ सीमेवर. बाहेरच्या सोप्यात बसलो, तर आई लसूण सोलत शेजारी. विचारायचं वहिनीला आणि उत्तर द्यायचं आईनं. आमच्याकडे भावाचा फोनसुद्धा सगळ्यांत बसून स्पीकरवरच घेतात, वहिनीच्या वाट्याला "जेवलासा व्हय?" एवढंच येतं. शेवटी तिला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं, तर बाहेरून आईची हाक, "दार कशापाई लावलंय गं?" असा संताप आला म्हणून सांगू.

मग मी डोकं चालवलं. वहिनी रोज म्हशीला गवत आणायला मळ्यात एकटी जाते. त्या दिवशी मीही गेले. उसाच्या बांधावर ती इतकी बोलली, की मी लिहायचंच विसरले.

"वन्सं, हितं आलं की लय मोकळं वाटतंय बघा. कवा कवा रडून घेती नि मग घरी जाती. आत्यास्नी सांगू नगा."

मी आईला नाही सांगितलं. आईनं खोदून खोदून विचारलं, तरी नाही. "सांगत न्हाईस म्हंजे माझ्याच कागाळ्या असत्याल," म्हणाली. माझ्या गप्प बसण्यानंच तिचा संशय पक्का झाला.

बाईंना मात्र ती मुलाखत फार आवडली. पुढच्या सगळ्या घरांसाठी एकटीला मळ्यात गाठायची हीच पद्धत त्यांनी आराखड्यात घालायला लावली आणि मंजुरीची सही केली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी गावी गेले, तर वहिनी गवताला निघालेली. आई उठली, कोनाड्यातला दुसरा विळा घेतला नि म्हणाली, "थांब गं, मी बी येती. आता रोजच दोघी जाऊया."

वहिनी "व्हय आत्या" म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चालू लागली.