पाच नंबरची तबकडी

"कान धर," रावसाहेब म्हणाले. "आणि म्हण."

मी कान धरले. चोवीस वर्षांची होते मी. दिवाणखान्यात तिघे जण खुर्च्यांवर बसले होते, तिघांच्या हातात कॉफी होती, आणि मी त्यांच्यासमोर दोन्ही कान धरून उभी होते. म्हटलं, "मजला आकडे कळत नाहींत. पाच म्हटलें तर मी तीन लावली."

"मोठ्यानें म्हण. उद्यां सभेंत मागल्या रांगेपर्यंत जायाला पाहिजे."

मोठ्याने म्हटलं. तांदळाच्या गिरणीचे मालक हसले. "नल्ला पेसुदे," म्हणाले. चांगलं बोलतंय. घरात पाळलेल्या पोपटाबद्दल बोलावं तसं. तिसरे शास्त्री, ते हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. चार वेळा माझ्याकडून ते वाक्य घोटवून घेतलं. चौथ्या वेळी रावसाहेबांनी मान डोलावली, चांगली तान ऐकल्यावर डोलवायचे तशी.

मला आकडे कळत होते. अक्षरंही कळत होती. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीन वर्षं गेले होते, तमिळ वाचता येत होतं. त्या घरात हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. अडाणी म्हणून ठेवलेल्या बाईने वाचता येतं म्हणून सांगितलं तर तिला चोर ठरवतात, हे आईने लहानपणीच शिकवलं होतं.

आम्हीही मराठी आणि रावसाहेबही मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात बसायचे, आमचे दाराशी उभे राहायचे. राजे गेले, दरबार गेला, इंग्रजही गेला. आमचं उभं राहणं तेवढं शिल्लक राहिलं. मेलकावेरीत त्यांचं मोठं घर होतं, मागे गोठा होता आणि गोठ्यामागच्या खोलीत आई आणि मी. आई अंगण झाडायची, शेण काढायची. मी दळायची, वाटायची, आणि संध्याकाळी ग्रामोफोनला चावी द्यायची. रावसाहेबांचं मनगट दुखायचं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

नऊ वर्षं मी चावी दिली. सुया बदलल्या, तबकड्या पुसल्या. नऊ वर्षं उभ्याने गाणं ऐकलं. एकदा कल्याणी राग चालू असताना माझी मान आपोआप हलली. रावसाहेबांनी ग्रामोफोन थांबवायला लावला. "मान कशाला हालवतेस? तुजला काय समजतें?" पाहुण्यांसमोर विचारलं. त्यानंतर मान दगडासारखी ठेवायला शिकले. आतलं ऐकणं मात्र त्यांना थांबवता आलं नाही.

त्या वर्षी गावातल्या संगीतसभेने ठरवलं की वर्षातल्या उत्तम तबकडीला चांदीचा कप आणि शाल द्यायची. कल्पना रावसाहेबांची, त्यांना तिचा फार अभिमान. तबकड्यांच्या दुकानदाराने नऊ तबकड्या निवडल्या, नावांवर कागद चिकटवला, वर नुसते आकडे घातले, आणि कोणत्या आकड्याची कोण ती यादी पाकिटात घालून लाखेने बंद केली. परीक्षकांनी, म्हणजे रावसाहेब, शास्त्री आणि गिरणीवाले या तिघांनी, नुसतं ऐकायचं. गुण फळ्यावर लागायचे. नाव शेवटी व्यासपीठावर उघडायचं. "कोणाचें तोंड पाहून नाहीं, कानानें न्याय," रावसाहेब येईल त्याला सांगायचे.

दोन दिवस ऐकणं चाललं. ते आकडा सांगायचे, मी तबकडी लावायची. मलाही मनातल्या मनात गुण द्यायचा नाद लागला. माझ्या तीन ठरल्या होत्या. दोन नंबरचं व्हायोलिन, सात नंबरची बासरी, आणि सगळ्यांच्या वर पाच नंबरची वीणा. तोडी होती ती. वाजवणारं माणूस षड्जावर यायच्या आधी थांबायचं. आता येईल, आता येईल असं वाटायचं आणि येत नसे. मग यायचं. तबकडी साडेतीन मिनिटांची, पण त्या थांबण्यात माझा श्वास अडकायचा. ती लावताना मी नवी सुई घालायचे. हे कोणाला दिसलं नाही.

आणि त्यांनाही पाचच आवडली. तिघांनाही. शास्त्री तर म्हणाले, "हा हात तीन पिढ्यांच्या संध्यावंदनाचा आहे." तीन नंबरचीही वीणाच होती. ती ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "हा कोणी तरी देवळापुढें वाजवणारा. हात जड." गिरणीवाल्यांनी तीनला सगळ्यांत कमी गुण दिले. संध्याकाळी फळ्यावर लागलं, पहिला क्रमांक पाच. गावाने वाचलं.

रावसाहेबांना दम निघाला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी ओल्या फडक्याने पाच नंबरचा कागद सोलला. मी कोपऱ्यात तबकड्या आवरत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. मग त्यांनी तीनचा कागद सोलला.

तीन नंबर म्हणजे मोठे विद्वान. त्यांना शाल द्यायला सभेने आधीच बोलावून ठेवलं होतं, कारण कप त्यांनाच मिळणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. आणि पाच नंबर तिरुनीलक्कुडीची एक बाई. तिची आई देवळापुढे नाचायची. कायद्याने ते बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण गावाचं तोंड कायद्याने बंद झालं नव्हतं.

यादी लाखेत बंद होती, गुण फळ्यावर होते. दोन्ही बदलता येत नव्हते. बदलता येण्यासारखी त्या घरात एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी. मी तबकड्यांची अदलाबदल केली असं ठरलं, की पाचचे गुण विद्वानांना जात होते. म्हणून रात्रीच्या जेवणाआधी शास्त्री आणि गिरणीवाले पुन्हा आले, कॉफी झाली, आणि मला कान धरायला लावले.

आईला सगळं कळलं होतं. खोलीत आल्यावर तिने मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "सांग कीं. दोन वाक्यांनी तुझें काय जातें? हें छप्पर जाईल, मग मजला घेऊन कोठें जाशील?" मी म्हटलं, सांगेन. खरंच सांगणार होते. भीती वाटत होती, आणि आईची दया येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभेचा मांडव भरला होता. विद्वान पुढे जरीच्या धोतरात बसले होते. बायकांच्या बाजूला, अगदी मागे, खांबाशी एक बाई बसलेली दिसली. शेजारच्या दोन बायका तिच्यापासून सरकून बसल्या होत्या, म्हणून ती मला ओळखू आली. फळा वाचून तबकड्यांच्या दुकानदाराने तिला निरोप दिला असावा.

रावसाहेब तमिळमध्ये बोलले. आमच्या घरच्या एका अडाणी बाईकडून तप्पु, म्हणजे चूक, झाली आहे, ती आपल्या तोंडाने सांगेल, सभेने तिला क्षमा करावी. लोक हसले. मला व्यासपीठावर चढवलं. मेजावर दोन तबकड्या होत्या.

"कान धर," रावसाहेब हळूच मराठीत म्हणाले.

मी समोर पाहिलं. सगळी तोंडं आधीच हसायला तयार होती. शास्त्री मान खाली घालून बसले होते. तो माणूस संस्कृत शिकवायचा. त्याने पाच ऐकताना डोळे पुसले होते, मी पाहिलं होतं. त्याला खरं माहीत होतं. तिघांनाही माहीत होतं. त्यांनी आयुष्यात एकदा बरोबर ऐकलं होतं, आणि त्या बरोबर ऐकण्याची त्यांना इतकी लाज वाटत होती की ती लाज ते माझ्या अंगावर घालत होते. हे मला तिथे, उभी असताना कळलं. माझे हात वर गेले नाहीत.

मी तमिळमध्ये म्हटलं, "मला आकडे कळतात. पाच सांगितली तेव्हा मी पाचच लावली. यांना पाचच आवडली."

मग पाच नंबरची तबकडी उचलली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. सावकाश, अक्षर अक्षर लावून. मागच्या रांगेपर्यंत गेलं असावं, आवाज त्यांनीच तयार करून घेतला होता.

रावसाहेबांनी तिथेच थोबाडीत मारली. तबकडी हातातून पडली आणि फुटली. कोणी उठलं नाही. पहाऱ्यावरच्या माणसाने दंड धरून मला खाली ओढलं, आणि मी मांडवाबाहेर पोचायच्या आत चांदीचा कप विद्वानांच्या हातात गेला होता. टाळ्या मी रस्त्यावरून ऐकल्या. चांगल्या जोरात वाजत होत्या.

सकाळी आमची दोन बोचकी गोठ्याबाहेर होती. आई रावसाहेबांच्या पायरीवर डोकं ठेवून बसली. दार उघडलं नाही. तिला उठवून मी साक्कोट्टैला मावशीकडे नेलं. चार कोस अंतर असल्यासारखा तो रस्ता संपेना.

पुढच्या आठवड्यात मी तिरुनीलक्कुडीला गेले. त्या बाईला भेटायला. काय मिळणार होतं मला तिथे, आज सांगता येत नाही. ती दारात आली, आत ये म्हणाली नाही. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं? दोन सभांनी बोलावलं होतं मला. आता भांडणाची बाई म्हणून कोणी बोलावणार नाही. गप्प राहिली असतीस तर माझं वाजवणं तरी राहिलं असतं." मी पाणी मागितलं. तिने तांब्या उंच धरून, शिवू न देता, रावसाहेबांच्या घरी ओतायचे तसं माझ्या ओंजळीत ओतलं. तिनेसुद्धा.

परतताना मी शेताच्या बांधावर बसून रडले. रडून झाल्यावर एक गोष्ट स्वच्छ झाली. मी तिच्यासाठी बोललेच नव्हते. वीणेसाठीही नाही. त्यांना माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध खोटं हवं होतं, ते मी दिलं नाही. तेवढंच केलं होतं. तिने आभार मानले असते तरी ते तेवढंच राहिलं असतं, आणि तांब्या उंच धरला म्हणून ते कमी झालं नाही.

आई दोन वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात म्हणाली, "तुझ्या तोंडामुळें मी दुसऱ्याच्या घरीं मरतें." खरं होतं ते. मी नाही म्हटलं नाही. तिची माफीही मागितली नाही, कारण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करणार होते, आणि मरणाऱ्या माणसाला खोटं सांगायचं नव्हतं.

आता पितळी भांड्यांच्या कारखान्यात भांडी उजळते. मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. माझी चूक असेल तर मी आधी येऊन सांगेन. तुमची असेल तर तुमचं नाव घेऊन सांगेन, चारचौघांत, भर दिवसा. काम काढून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. मी हे बदलणार नाही.