फाटकाला लावलेलं गोडं तेल

लोखंडी फाटकाला शेंगदाण्याचं गोडं तेल चोपडणाऱ्या माणसाला भर चौकात जोड्यानं मारावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. अडचण एवढीच की तो माणूस मी.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-सहा वर्षं आधीची गोष्ट. धुळ्यात आमचं एक वाचनालय होतं. मी शाळेत शास्त्र शिकवायचो, म्हणून मला वाचनालयाचा चिटणीस केलं होतं. शास्त्र शिकवणाऱ्याला शास्त्र येत असावं, असा त्या काळी लोकांचा भाबडा समज होता. माझाही होता.

वाचनालयाला नवं फाटक आणि पुढच्या ओट्याला कठडा करायचा ठरला. काम दिलं नरडाण्याकडच्या एका म्हाताऱ्या लोहाराला. आम्ही त्याला आबा म्हणायचो. धुळ्यात भाड्याच्या छपरीत त्यानं भाता मांडला होता. फाटक असं केलं की दोन्ही दारं एका बोटानं ढकलली तरी आवाज न करता मिटायची. आमच्या शेजारी कापसातली सरकी काढायचं जिन होतं; त्याचे शेठ ते पाहायला आले आणि म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या. फाटक नीट राहिलं तर आमच्या जिनाची सगळी फाटकं न् कठडे आबाच करतील." आबाच्या दृष्टीनं त्यात सगळं आलं. काम मिळालं तर धुळ्यातला भाता चालू राहणार. नाही तर गावी परत, नांगराच्या फाळांना ठोकून धार लावत बसायला.

मग फाटकाला काय लावायचं यावर सभा भरली. एक सभासद म्हणाले, डांबर. लगेच दुसरे उसळले, "वाचनालय आहे की मालधक्का?" तिसऱ्यांनी सुचवलं की पितळी भांड्यांना करतात तशी कल्हई करावी. एवढं मोठं भांडं कोणत्या भट्टीवर धरणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण ते रागीट होते. दाराशी उकिडवा बसलेला आबा शेवटी म्हणाला, "शेंदूर लावा. पन तेल जवसनं ल्या. चांगलं उकाळेल."

शेंदूर सर्वांना पटला. जवस अडलं. आमचे अध्यक्ष निवृत्त मामलेदार. त्यांनी नाकाला उपरणं लावलं. "उकळलेल्या जवसाचा वास? वर्तमानपत्र वाचायला माणूस येईल की नाही?"

इथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी उभा राहिलो. वेशीवरच्या मारुतीचं उदाहरण दिलं. म्हणालो, वर्षानुवर्षं तो उघड्यावर आहे. ऊन खातो, पाऊस खातो, धूळ खातो. त्याला शेंदूर आणि गोडं तेल याखेरीज काय लावतात? आणि आहे का त्याला काही झालेलं? लोकांनी बाकं वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात शास्त्र!" आबा काही तरी बोलत होता, पण बाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मी ऐकायलाच गेलो नाही.

घाण्यावरचं ताजं तेल मी स्वतः आणलं. पूजेच्या दुकानातून शेंदूर आणला. धोतर खोचून स्वतःच्या हातानं दोन हात दिले.

ते वाळेना. आठ दिवस झाले, पंधरा झाले. बोट लावलं की बोट केशरी. अध्यक्षांचं उपरणं केशरी, पोस्टमनची पिशवी केशरी. एक अक्का मारुतीला जाता जाता थांबल्या, फाटकाचा शेंदूर बोटानं कपाळाला लावून नमस्कार करून गेल्या. त्यात कापसाचा हंगाम लागला. जिनातले कापसाचे तंतू हवेतून येऊन चिकटायला लागले. पौषापर्यंत फाटकाला पांढरी दाढी आली होती. मी सगळ्यांना सांगत होतो, "वाळेल. थंडी आहे म्हणून."

पावसाळ्यानं दाढी धुतली, शेंदूर धुतला, आणि दसऱ्याला फाटक गंजानं खरखरीत झालं. बिजागरी कण्हायला लागली.

पुन्हा सभा. अध्यक्ष म्हणाले, "लोखंडच हलकं." सगळ्यांनी माना हलवल्या. बोलायला हवं होतं ते मी. मी काय केलं? टाक शाईत बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : 'लोखंड हलक्या प्रतीचे असल्याबद्दल सर्वांचे एकमत झाले.' त्या सर्वांत मी होतो. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या उजव्या हातावर वहाण मारावीशी वाटते. अक्षर तर इतकं सुंदर आलं होतं!

दोन दिवसांत ही बातमी जिनावर गेली. तिसऱ्या दिवशी आबा आला. त्याला वाचता येत नव्हतं. "काय लिखेल शे ते वाचा," म्हणाला.

मी वाचलं. दुसरं काय करणार?

"आनखी एक डाव वाचा."

पुन्हा वाचलं.

आबा फाटकापाशी गेला, खिशातून कानस काढून एक गज घासला. चार ओढीत खालचं लोखंड चकाकलं. मग मला म्हणाला, "हाऊ गंज मना नही मास्तर, तुम्हना शे. मारुतीनं सांगी ऱ्हायनात! तो दगड शे, दगड! दगडले कधी गंज लागस का?"

एवढं शास्त्र माझ्या शाळेतल्या शेवटच्या बाकालाही कळलं असतं. मला संताप आला. आधी आबाचा आला, मग स्वतःचा, आणि सर्वांत जास्त त्या सुंदर अक्षराचा. वही उचलून अध्यक्षांच्या घरी गेलो. म्हणालो, ठराव खोटा आहे, खोडतो. ते सुपारी कातरत म्हणाले, "झालेला ठराव असा खोडता येत नाही मास्तर. सभा लागते. चैत्रात बघू."

"चैत्रापर्यंत त्या म्हाताऱ्यानं काय करायचं?"

"तुम्हीच तर मारुती काढलात."

हे खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. मी त्यांच्या ओट्यावर बसूनच समासात लिहिलं, 'लोखंड उत्तम. तेल चिटणिसाने चुकवले,' आणि वही तशीच घेऊन जिनावर गेलो. शेठनी वाचलं, येऊन घासलेला गज पाहिला, नखानं खरवडला. हसले नाहीत. "काम आबाचंच," म्हणाले. "मास्तरांना मात्र आमच्या फाटकापाशी येऊ देऊ नका."

आबानं आमचं फाटक पुन्हा रंगवायचं कबूल केलं. अट एकच : गंज मी काढायचा, एकट्यानं, दिवसाउजेडी. पाच दिवस मी वीट आणि कानस घेऊन रस्त्यात उभा होतो. बाजूला आबा विडी ओढत बसलेला. चुलीवर जवसाचं तेल उकळत होतं; ते वाळून घट्ट होतं आणि गोडं तेल कधीच वाळत नाही, हे मला तिथे कळलं. वास खरंच फार वाईट येतो, एवढं अध्यक्षांच्या बाजूनं नमूद करतो.

येणारा-जाणारा थांबायचा. "काय मास्तर, हे काय?"

मी मान खाली घालून घासत राहायचो. की मागून आबाचा आवाज यायचा, "सांगा ना मास्तर. तोंड शे ना तुम्हले?"

मग मी सांगायचो. मारुतीपासून सुरुवात करून त्या खोट्या ठरावापर्यंत.

पाचव्या दिवशी अध्यक्ष आले. त्यांनी काहीच विचारलं नाही, तरी आबा म्हणाला, "यासले बी सांगा." मी सांगितलं, इतक्या मोठ्यानं की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली.